एकाच कुंपणात शर्यतीचे घोडे आणि गाभण घोड्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण खारघरला राहता, मुरबाड तालुक्यात आपली १४ एकर वडिलोपार्जित जमीन आहे, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पळणाऱ्या दोन घोड्यांत आपला हिस्सा आहे, आणि एका परिचिताकडून शर्यतीतून निवृत्त झालेल्या तीन घोड्या जवळजवळ फुकट मिळत आहेत. या जमिनीवर शर्यतीच्या घोड्यांचे प्रशिक्षण आणि पैदास अशी दोन्ही कामे एकत्र चालवता येतील का, स्वतःचा स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर घोडा, ठेवावा का आणि सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात राहतो. या व्यवसायात मला ३२ वर्षे झाली. त्यांतली ८ महालक्ष्मीला एका ट्रेनरच्या हाताखाली, १२ पुणे जिल्ह्यातल्या एका स्टड फार्मवर, म्हणजे पैदाशीच्या तबेल्यावर, आणि उरलेली शहापूर तालुक्यातल्या माझ्या स्वतःच्या लहानशा तबेल्यात गेली. दोन्ही कामे मी एकत्र करून पाहिली आहेत, आणि त्याची किंमतही मोजली आहे.

हे दोन व्यवसाय एका मालकाचे असायला काहीच हरकत नाही. ते एका कुंपणात मात्र नसावेत, आणि कोकणातल्या जमिनीवर तर मुळीच नसावेत. याची कारणे थोडी विस्ताराने सांगतो.

आधी नियमांचे सांगतो. परदेशात खाजगी तबेल्यात घोडा तयार करून शर्यतीच्या दिवशी मैदानावर नेतात, ते चित्र आपल्या डोळ्यांसमोर असावे. आपल्याकडे शर्यतीत उतरणारा घोडा टर्फ क्लबचा, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या क्लबचा, परवाना असलेल्या ट्रेनरकडे आणि क्लबच्या आवारातल्या तबेल्यातच असतो. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत आणि जुलै ते ऑक्टोबर पुण्यात चालतो, आणि घोडे त्याप्रमाणे घाट चढतात, उतरतात. त्यामुळे ज्याला खऱ्या अर्थाने ट्रेनिंग म्हणतात ते मुरबाडला होणार नाही. आपल्या हाती त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे काम उरते: कोवळ्या घोड्याला लगाम, जिन आणि पाठीवरच्या माणसाची सवय लावणे, त्याला हलक्या दौडीपर्यंत आणून ट्रेनरकडे सोपवणे, आणि पाय दुखावलेल्या किंवा मोसमाने थकलेल्या घोड्याला विश्रांती देऊन पुन्हा चालते करणे. हे काम कमी प्रतीचे आहे असे समजू नये. दीड-दोन वर्षांच्या वयात तोंड बिघडलेला घोडा पुढे कोणत्याही ट्रेनरच्या हाती सुधारत नाही.

दोन्ही कामे एकत्र करण्याचा मोह कशातून होतो हेही मला ठाऊक आहे. पैदाशीत पैसा फार उशिरा येतो. समजा, आपण एखादी घोडी २०२५ च्या मार्चमध्ये भरवली. घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा, म्हणजे शिंगरू २०२६ च्या फेब्रुवारीत जन्मणार. थरोब्रेडचे, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचे, वय आपल्याकडे १ जानेवारीला बदलते. म्हणून ते १ जानेवारी २०२७ रोजी एक वर्षाचे धरले जाईल. २०२७ च्या हिवाळ्यात ते लगामाला लागेल, २०२८ च्या अखेरीस जमले तर पहिली शर्यत पळेल, आणि सगळे जुळून आले तर चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरांची इंडियन डर्बी ते २०३० च्या फेब्रुवारीत पळेल. घोडी भरवल्यापासून जवळजवळ पाच वर्षे झाली. मधल्या काळात चंदी (दाणा), वैरण, सईस (घोड्याची निगा राखणारा माणूस), नालबंद आणि डॉक्टर यांचा खर्च थांबत नाही. विश्रांतीला आलेल्या घोड्याचे पैसे मात्र मालक दर महिन्याला देतो, आणि त्या पैशांवर घोड्या पोसाव्यात हा हिशेब कागदावर अगदी सरळ बसतो. मीही तो मांडला होता.

शहापूरला माझे तिसरे वर्ष चालू होते. पाच घोड्या गाभण होत्या. जुन्या ओळखीच्या एका मालकाने पायाला सूज असलेला चार वर्षांचा घोडा दोन महिन्यांच्या विश्रांतीसाठी पाठवला. आल्या दिवशी त्याचे नाक किंचित वाहत होते, ताप नव्हता, आणि प्रवासाचा शीण असेल असे मी मनाला समजावले. त्याचे पैसे मला हवे होते. वेगळा ठेवायला जागा नव्हती म्हणून तो गाभण घोड्यांच्या ओळीतल्या शेवटच्या ठाणात बांधला गेला. सईस तोच, पाण्याच्या बादल्याही त्याच. पाचव्या आठवड्यात एके पहाटे नऊ महिन्यांची गाभण घोडी ठाणात शांतपणे वैरण खात उभी होती आणि तिच्या मागे पेंढ्यावर पूर्ण अंगाचे मेलेले शिंगरू, वारेसकट, पडलेले होते. कासेत दूध उतरले नव्हते, सडांवर मेण आले नव्हते, रात्री पहारा देणाऱ्या माणसाला कसलीही कळ दिसली नव्हती. पुढच्या १९ दिवसांत आणखी दोघी गाभडल्या. तपासणीत घोड्यांचा हर्पीस विषाणू, ज्याला डॉक्टर ईएचव्ही-१ म्हणतात, तो निघाला.

हा विषाणू शर्यतीच्या घोड्याला बहुतेक वेळा सर्दी-तापावर सोडतो, पण गाभण घोडीला शेवटच्या महिन्यांत गाभडवतो. तो घोड्याच्या अंगात वर्षानुवर्षे निपचित राहतो आणि प्रवास, गर्दी, कामाचा ताण अशा निमित्ताने पुन्हा जागा होतो. शर्यतीच्या घोड्याचे तर सगळे आयुष्यच प्रवासात, गर्दीत आणि ताणात जाते. गाभण घोडीला पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात याची लस देतात, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानेही अशी लस विकसित केली आहे. पण लसीने धोका कमी होतो, संपत नाही. खरा उपाय अंतराचा आहे. बाहेरून येणारा प्रत्येक घोडा किमान तीन आठवडे वेगळ्या आवारात, वेगळ्या सईसाच्या हाती, वेगळ्या बादल्या-खराऱ्यांसह राहिला पाहिजे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा ताप वहीत लिहिला गेला पाहिजे. निरोगी घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. त्यावर अर्धा अंश चढला तरी डॉक्टरांना कळवावे. याच वेगळेपणाचा उपयोग इन्फ्लुएन्झा आणि स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांनाही होतो. २००८ मध्ये जम्मूतल्या कटऱ्याहून सुरू झालेली इन्फ्लुएन्झाची साथ अनेक राज्यांत पसरली, तेव्हा घोड्यांची ये-जा हीच तिची वाट होती. ग्लँडर्स या जीवघेण्या रोगाबद्दल तर बोलायलाच नको. तो माणसालाही होतो आणि त्याची माहिती सरकारला देणे कायद्याने बंधनकारक आहे.

आता आपल्या १४ एकरांचा हिशेब करू. दौडीसाठी साधा ८०० मीटरांचा अंडाकृती ट्रॅक काढायचा म्हटले, २०० मीटरांच्या दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळे, तर वळणाची त्रिज्या जेमतेम ६४ मीटर येते आणि त्याच्या आत साडेनऊ एकर जमीन अडकते. इतक्या आखूड वळणावर कोवळ्या घोड्याला वेगात घालणे म्हणजे त्याच्या आतल्या पायांवर भार टाकणे. मग ट्रॅकच्या आतली जागा वाया का घालवायची म्हणून लोक तिथेच कुंपण घालून घोड्या आणि शिंगरे सोडतात, आणि ज्या दोन कळपांना दूर ठेवायचे ते दिवसातून दोनदा नाकाला नाक लावतात. त्यापेक्षा आपल्या जमिनीत वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी उंच जमीन, किती आणि भाताची खाचरे किती ते आधी पाहावे. वरकसाला किंचित चढ असेल तर ३५० ते ४०० मीटरांची एक सरळ पट्टी काढावी, खाली मुरूम दाबून वर चार-पाच इंच वाळू घालावी. चढावर हळू चालीत केलेले काम सपाटीवरच्या वेगापेक्षा पायांना सोसते आणि दमही वाढवते. वाळू खाडीची नको. तिच्यातला खारेपणा कातड्याला आणि नालांना दोन्हींना त्रास देतो. खाचरांत घोडा सोडण्याचा विचारही करू नये.

पैदाशीच्या विरुद्ध माझा सर्वांत मोठा मुद्दा पावसाचा आहे, आणि तो आपल्या प्रश्नात कुठेच आलेला नाही. शिंगरे जानेवारी ते एप्रिल या काळात जन्मतात. पाच-सहा महिन्यांनी त्यांचे दूध तोडतात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन श्रावणात. याच वयात शिंगराने दिवसभर मोकळ्या रानात उधळायचे असते. हाड भरते ते खुराकाइतकेच त्या धावण्याने. पुण्याच्या पठारावर वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे दोन सरींच्या मधे शिंगरे बाहेर सोडता येतात. आपल्याकडे २००० मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि बहुतेक चार महिन्यांत पडतो. शिंगरे आठ-आठ दिवस ठाणात कोंडून राहतात. नाहीतर चिखलात उभी राहून त्यांच्या टापेच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, पाठीवर आणि पायांवर खपल्या धरतात. मराठेशाहीत नाव झाले ते भीमथडीच्या, म्हणजे घाटावरच्या भीमाकाठच्या, तट्टांचे. आपल्याकडच्या काळू नदीच्या काठची तट्टे कोणी वाखाणल्याचे ऐकिवात नाही. घोड्याची पैदास घाटावर झाली याला कारण होते, आणि ते कारण अजून तिथेच आहे.

पावसाबरोबर गोमाश्या येतात. त्यांच्या चाव्यातून सर्रा नावाचा रोग पसरतो: ताप चढतो-उतरतो, घोडा खाऊनही वाळतो, पोटाखाली आणि पायांना सूज येते. गुरांत हा रोग बऱ्याचदा दबून राहतो, त्यामुळे शेजारच्या गोठ्यातली धडधाकट दिसणारी म्हैसही आपल्या घोड्याला तो देऊ शकते. लीद रोजच्या रोज दूर नेणे, संध्याकाळी धूर आणि ठाणांना बारीक जाळी, एवढे तरी हवेच. उन्हाळ्याचा त्रास निराळा. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात काही घोड्यांना घाम येणे बंद होते. कातडे कोरडे, नाकपुड्या फुगलेल्या आणि श्वास भात्यासारखा. अशा घोड्याला काम बंद करून पंखा आणि थंड पाणी द्यावे, आणि जमल्यास घाटावर पाठवावे. इतरांचेही काम पहाटे उजाडता उजाडता संपलेले असावे.

वैरणीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आणि ठाणे जिल्ह्यात ती आजही सर्रास होते. आपल्याकडे पाणी असले की लोक संकरित नेपियर लावतात. गुरांना ते चालते, भरपूर येते आणि हिरवेगार दिसते. नेपियर आणि पॅरा गवत या दोन्हींत ऑक्झलेट जास्त असते, ते वैरणीतले कॅल्शियम बांधून ठेवते आणि घोड्याच्या अंगी लागू देत नाही. त्यावर सईस मायेने गव्हाचा कोंडा भिजवून घालतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. मग शरीर लागणारे कॅल्शियम हाडांतून काढते. माझ्याकडच्या वर्षभराच्या दोन शिंगरांचे चेहरे डोळ्यांखाली दोन्ही बाजूंनी फुगू लागले, तेव्हा एका सईसाने ‘तोंड भरतंय, साहेब’ म्हणून कौतुक केले होते. पुढच्या महिन्यात एक शिंगरू चारही पायांनी जपून चालू लागले. वाढीच्या वयातल्या घोड्याला आणि गाभण, दुधाळ घोडीला लसूणघास द्यावा, माळरानाचे वाळलेले गवत पोटभर द्यावे, आणि ओटची चंदी वयानुसार व कामानुसार ठरवावी. ५०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा आहार लागतो आणि त्यात वैरण निम्म्याहून कमी कधीच नसावी. भाताचा पेंढा अंथरायला ठीक आहे. पोट भरायला नव्हे. शहापूर-मुरबाडकडचे वाळलेले गवत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या तबेल्यांत जात आले आहे. आपल्या जमिनीचा खरा उपयोग कदाचित तोच आहे.

स्टॅलियनचा प्रश्न लवकर संपवतो. ठेवू नये. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडी प्रत्यक्ष घोड्याकडेच न्यावी लागते; त्यामुळे स्टॅलियन ठेवला की बाहेरच्या घोड्या आपल्या आवारात येतात, आणि वर सांगितलेले सगळे धोके त्यांच्याबरोबर येतात. तीन घोड्यांसाठी स्टॅलियन पोसणे परवडत नाही, आणि स्वतःचा आहे म्हणून तोच वापरला जातो हे तर आणखी वाईट. पुण्याच्या बाजूला चांगल्या स्टॅलियनचे नॉमिनेशन, म्हणजे घोडी भरवून घेण्याचा हक्क, विकत घ्यावे आणि घोडी मोसमापुरती तिथे ठेवावी. भरवणे १५ फेब्रुवारीच्या आधी सुरू करू नये. २० जानेवारीला भरवलेली घोडी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्यायली, तर आठवडाभराचे शिंगरू कागदावर एक वर्षाचे होते आणि जन्मभर आपल्यापेक्षा वर्षाने मोठ्या घोड्यांशी पळते. नोंदणीचे सगळे काम, म्हणजे भरवल्याचा दाखला, शिंगराची डीएनए तपासणी आणि मायक्रोचिप, थरोब्रेडच्या वंशावळीची वही ठेवणाऱ्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे होते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेला घोडा कितीही देखणा असला तरी त्या वहीत बसत नाही, म्हणजे शर्यतीतही बसत नाही.

माणसांच्या बाबतीतही दोन्ही कामांचे घड्याळ जुळत नाही. शर्यतीच्या घोड्याचा सईस पहाटे चारला उठतो. घोड्या बहुतेक रात्रीच व्यातात, म्हणून पैदाशीचा माणूस रात्रभर जागतो. दोन्ही कामे एकाच माणसाकडे दिली की तो दोन्हीकडे डुलक्या घेतो, आणि व्याणाऱ्या घोडीपाशी घेतलेली डुलकी महाग पडते. शिंगरू तासाभरात उभे राहिले पाहिजे, दोन तासांत सड धरले पाहिजे, तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे; यातले एकही चुकले तर डॉक्टरांना त्याच क्षणी फोन जायला हवा. पहिल्या सहा-आठ तासांत पोटात गेलेला चीक हेच शिंगराचे मुख्य संरक्षण. मुरबाडहून कल्याणमार्गे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत भर रहदारीत किती वेळ लागतो हे आपण जाणताच. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की तासांचा हिशेब असतो. म्हणून घोड्यांचा अनुभव असलेले डॉक्टर बोलावल्यावर तासाभरात पोहोचतील अशी व्यवस्था आधी करावी, ठाणांचे पत्रे नंतर घालावेत.

पैशांविषयी एवढेच. २०१७ च्या जुलैपासून बेटिंगवर २८ टक्के जीएसटी लागला, त्याचा फटका क्लबांच्या उत्पन्नाला बसला. बक्षिसांची रक्कम तिथूनच येते आणि लिलावात शिंगराला मिळणारी किंमत त्या बक्षिसांकडे पाहून ठरते. लिलावातल्या मोठ्या किमती वाचून हिशेब मांडू नये. लिलावात न विकली गेलेली शिंगरेही खातातच.

आपल्या जागी मी असे करीन. मुरबाडला आठ ठाणांचा तबेला बांधून तिथे फक्त विश्रांतीचे आणि लगामाला लावायचे घोडे घेईन. यर्लिंग, म्हणजे कागदावर एक वर्षाची झालेली शिंगरे, ऑक्टोबरमध्ये घ्यावेत. पाऊस सरलेला असतो, जमीन अजून मऊ असते, आणि फेब्रुवारीअखेर ते ट्रेनरकडे जायला तयार होतात. पावसाळ्यात तबेला अर्धा रिकामा राहील असे धरूनच दर ठरवावेत. पैदाशीसाठी घोडी एकच, फार तर दोन, आणि त्या जुन्नर-शिरूरकडच्या एखाद्या विश्वासू फार्मवर महिन्याच्या ठरावाने ठेवाव्यात. माळशेज घाट जवळ पडतो खरा, पण गाभण घोडी पावसाळ्यात त्या दरडींतून नेऊ नये. मेअखेरपर्यंत न्यावी किंवा खोपोलीवरून एक्स्प्रेस वेने फेरा घालून न्यावी. चाऱ्याला येणारा खर्च आपल्याच जमिनीवरचे गवत कापून, गाठी बांधून बराचसा भागतो.

राहता राहिल्या त्या तीन फुकटच्या घोड्या. घोडीची किंमत हा पैदाशीतला सर्वांत लहान खर्च आहे. वाईट घोडीही चांगल्या घोडीइतकीच खाते आणि तिचे शिंगरूही तितक्याच खर्चात वाढते. हो म्हणण्याआधी तिघींचे वय, त्यांनी स्वतः किती मीटरांच्या आणि कोणत्या शर्यती जिंकल्या, त्यांच्या आईची इतर शिंगरे कशी पळाली, आणि गेल्या तीन मोसमांत प्रत्येक घोडी किती वेळा भरवली व किती वेळा गाभण राहिली, एवढी माहिती परिचिताकडून लेखी घ्यावी. त्यांच्यातली १७ वर्षांची घोडी दोन वर्षे रिकामी असल्याचे आपण लिहिले आहे. तिच्या गर्भाशयाची तपासणी आणि कल्चर (जंतुसंसर्ग शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) झाल्याशिवाय तिला ट्रकमध्ये चढवू नये. बाकी दोघींचे कागद आले की मला पाठवा, मी पाहून कळवतो.